कंडम माल

चांदभाईला बसल्या जागी कळलं, घात झाला. जुम्म्याची नमाज पढून, घरी दोन घास खाऊन तो गोदामात आला, नेहमीप्रमाणे मागच्या कोपऱ्यातल्या लोखंडी ट्रंकेवर टेकला आणि ट्रंक गप्प राहिली. वीस वर्षं तो त्या ट्रंकेवर बसून दुपारचा चहा पीत होता. बसलं की तिचं झाकण डावीकडं दबायचं आणि टक्क असा आवाज यायचा. आज झाकण दबलं नाही. त्यानं उठून हातानं चाचपलं, तर बाजूला लोखंडी कडी लागली. त्याच्या अब्बांच्या ट्रंकेची कडी कधीच तुटली होती, तिथं सुतळीचा फास होता.

कोपऱ्यात सारख्याच दोन ट्रंका होत्या; म्हणजे सकाळच्या टेम्पोत गेली ती अब्बांची ट्रंक. आणि तिच्यावर खडूची फुली मारणारा दुसरा कोणी नाही, खुद्द चांदभाई.

नगरच्या लष्करी कॅम्पाच्या कडेला भंगाराची जी गोदामं आहेत, त्यांतलं हे एक. तिथं मालाचा निवाडा खडूनं होतो. मालक सकाळी खडू घेऊन फिरतो. ज्याच्यावर फुली पडली तो माल कंडम, तो टेम्पोत चढून मोठ्या व्यापाऱ्याकडं जातो. फुली नसेल तो दुरुस्त करून विकायचा. पडलेली फुली पुसायची नाही आणि गेलेला माल परत मागायचा नाही, असा त्या गल्लीचा रिवाज. ज्यानं परत मागितला त्याच्या खडूवर पुढं कोणी भरवसा ठेवत नाही, आणि मग त्या माणसानं गोदामात बसून माश्या माराव्यात. चांदभाईनं चाळीस वर्षांत एकही फुली परत घेतली नव्हती. हे तो लग्नात, दवाखान्यात आणि एसटी स्टँडवर, कोणी विचारलं नसतानाही सांगायचा.

ट्रंक गेली त्याचं एवढं काही नव्हतं. ट्रंकेत पितळी पत्रा होता आणि तो इन्शाला उद्या हवा होता.

इन्शा ही चांदभाईची धाकटी. मराठीत एम.ए. करत होती. ती कॉलेजात गेल्यापासून घरातही मराठीच चालायची. आईनं, म्हणजे शमशादनं, दखनीत विचारलं तरी ही मराठीत उत्तर देणार. तिनं लघुप्रबंधाला विषय घेतला होता तोही असला, की ऐकून चांदभाई पहिल्यांदा हसत सुटला. विषय होता एक शब्द. कंडम.

"त्यात ल्ह्यायचं काय?" त्यानं विचारलं होतं. "मोडलं की कंडम. झालं की."

"एवढं सोपं नाही अब्बा," म्हणून ती वही घेऊन जिल्हाभर भटकून आली. कोपरगावकडं साखर कारखान्यावर कंडम म्हणजे फक्त मोडकी गाडी. मिरजगावकडं पाणी आटलेली विहीर कंडम, आणि कामाला अंग चोरणारा गडीही कंडम. राळेगणसिद्धीकडं साळूबाई नावाच्या एका म्हातारीनं तिला सांगितलं, "आमचं म्हातारं कंडम झालंय, पन टाकून थोडंच देता येतंय?" फक्त या गल्लीत तो शब्द शिवी नव्हता. कॅम्पात माल कंडम झाला म्हणजे लिलाव निघणार, गल्लीत काम येणार, पोरांना ईदला कपडे होणार. लहानपणी चांदभाईनं हा शब्द ऐकला तो असा, आनंदाच्या बातमीसारखा.

हा शब्द गल्लीत आणला त्याच्या अब्बांनी, असं चांदभाई छातीठोकपणे सांगे. उस्मानभाई कॅम्पात रंगारी होते. इंग्रज गेले तरी त्यांची पद्धत तशीच चालू होती. जुनी लॉरी निकालात काढायची तर ते एकट्याच्या मर्जीचं काम नव्हतं. तीन साहेब यायचे, लॉरीखाली वाकून बघायचे, वाद घालायचे, आणि तिघांच्या सह्या झाल्या की उस्मानभाईंना हाक. अक्षरं कापलेला एक पितळी पत्रा लॉरीच्या दाराला लावायचा, वरून तांबड्या रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलला की दारावर इंग्रजीत 'कंडेम्ड' असा हुकूम उमटायचा. पुढं तो पत्राच झिजला. शेवटची अक्षरं एकमेकांत फाटली, तेव्हा साहेबानं तो उस्मानभाईंना देऊन टाकला. शेवट फाटलेला म्हणून लोकांनी निम्माच शब्द उचलला, ही घरची कथा. इन्शाच्या सरांनी ती लाल पेनानं खोडली. देशात जिथं जिथं छावणी तिथं तिथं हा शब्द आहे, असं ते म्हणाले. मात्र छावणीतून लिलावाच्या लॉऱ्यांवर बसून तो बाजारात आला आणि बाजारातून खेड्यांत गेला, हे त्यांना पटलं होतं. फक्त त्यांनी एक अट घातली. "आजोबांची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. वस्तू आणून दाखवा. बाहेरचे परीक्षक तेच विचारतील."

परीक्षक उद्या अकराला येणार होते. इन्शा आज सहाला घरी येणार होती. आणि पत्रा टेम्पोबरोबर मिरजगावच्या रस्त्याला लागला होता.

चांदभाई गोदामात येरझाऱ्या घालायला लागला. दारापर्यंत जायचा, परत यायचा. एकदा एका बादलीला अडखळला, तिलाच शिव्या दिल्या. खरी गोष्ट अशी, की बादली त्याला दिसलीच नव्हती. आठ महिने झाले, त्याच्या दोन्ही डोळ्यांपुढं उकळत्या पातेल्यावरच्या वाफेसारखं काहीतरी धरलं होतं. माणूस आला हे कळायचं, कोण आला हे तो बोलल्यावर कळायचं. हे त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. माल तो बोटाच्या पेरानं वाजवून ओळखायचा आणि त्यात तो चुकत नसे; पितळ, बीड, जस्त, ज्याचा त्याचा आवाज वेगळा. पण आज सकाळी शेजारी ग्राइंडर चालू होता. त्या कर्कश आवाजात त्यानं एक ट्रंक वाजवली, ऐकू आलं असं स्वतःला सांगितलं आणि फुली ओढली.

आता स्वतःवर चिडून तरी काय उपयोग? मिरजगावच्या कानिफनाथला फोन केला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण फोनवर म्हणायचं काय? माझी फुली चुकली म्हणून? हा कानिफनाथ पंचवीस वर्षांपूर्वी याच गोदामात धंदा शिकला आणि पुढं हायवेला स्वतःचं मोठं यार्ड टाकून बसला. नगरचा निम्मा कंडम माल त्याच्याकडं जायचा. त्याच्या कानावर एक गोष्ट घातली की संध्याकाळपर्यंत ती साऱ्या गल्लीत. चांदभाईनं फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा खिशात टाकला.

शेवटी तो भागवतकडं गेला. भागवतचं पंक्चरचं दुकान गोदामाला लागूनच होतं. दोघं एकाच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात दोघांची पन्नास वर्षं मजेत गेली होती.

"फटफटी काढ," चांदभाई म्हणाला. "मिरजगावला जायचंय. आत्ता."

"तुजी गाडी कुटं गेली?"

"पायात गोळा आलाय. किक बसत न्हाई."

भागवतनं त्याच्या पायाकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. "माजी फटफटी कंडम हाय, हे तूच समद्या गल्लीला सांगत फिरतोस ना? आता कशी आठवली?"

"भागवत, पाया पडू का तुझ्या?"

चांदभाई असं कधी बोलत नसे. भागवतनं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात टाकली, तोंड धुतलं आणि गाडी बाहेर ओढली. सातव्या किकला ती सुरू झाली. तेव्हा सव्वादोन वाजले होते.

सोलापूर रस्ता आता चौपदरी झालाय, गाडी मात्र भागवतचीच होती. चढाला ती धापा टाकायची, उताराला खोकायची. रुईछत्तिशीच्या अलीकडं तर ती बंदच पडली. भागवत शांतपणे प्लग काढून फडक्यानं पुसत बसला. चांदभाई रस्त्याच्या कडेनं वीस पावलं जायचा, वीस पावलं यायचा.

"किती वाजले?"

"तुज्या मनगटावर घड्याळ हाय की."

"बंद पडलंय."

"चालू हाय. मला हितनं काटा फिरताना दिसतोय." भागवतनं प्लगावर फुंकर मारली. "तीनला पाच कमी. हे काय चाललंय, चांदभाई?"

चांदभाईनं ट्रंकेचं सांगितलं. डोळ्यांचं गाळलं. घाईत होतो, दोन ट्रंका सारख्याच, झाली चूक, असं म्हणाला. भागवतनं सगळं ऐकून घेतलं.

"फोन कर की मग. ट्रंक बाजूला ठेव म्हनावं."

"आन् खडू?"

"खडूला काय आग लागली?"

"तुला न्हाई कळायचं. तुझ्या धंद्यात पंक्चर निघालं न्हाई तर गिऱ्हाईक परत येतंय. माझ्यात परत येत न्हाई."

"मग तितं जाऊन काय सांगनार हाईस?"

सहज इकडं आलो होतो, म्हटलं चहा प्यावा, असं काहीतरी सुरू करायचं आणि बोलता बोलता ट्रंकेपर्यंत पोचायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. गाडी परत सुरू झाली. वाटेभर तो ते वाक्य जुळवत राहिला आणि दर मैलाला ते जास्तच खोटं वाटायला लागलं. त्याला इन्शा दिसत होती. महिन्यापूर्वी तिनं टाइप केलेली उस्मानभाईंवरची पानं त्याच्या हातात दिली होती. "दादांवरचा भाग आहे, अब्बा. एकदा वाचा, चुकलं असेल तर सांगा." त्यानं पानं उशीखाली ठेवली आणि चार दिवसांनी 'झकास' म्हणाला. "कुठलं पान आवडलं?" तिनं विचारलं. "समदीच," तो म्हणाला. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला महिनाभर आत कुठंतरी टोचत होतं. पोरीनं बापाच्या बापावर लिहिलं आणि बापानं ते वाचलं नाही. आता वर तिचा पुरावाही त्यानंच भंगारात घातला होता.

यार्डाच्या फाटकाशी पोचले तेव्हा चारला दहा मिनिटं होती. दुपारभर नसलेली लाईट नुकतीच आली होती आणि भंगार दाबून त्याचे ठोकळे करणारं मोठं मशीन सुरू झालं होतं. त्याचा आवाज एवढा की समोरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. भागवत म्हणाला, "मी गाडी बंद करत न्हाई. केली तर परत चालू व्हायची न्हाई. तू जाऊन ये."

चांदभाई एकटाच आत गेला. समोर नुसते काळे-तांबडे डोंगर होते. कुठं काय, कुठं वाट, काही उमगेना. तो अंदाजानं आवाजाच्या दिशेनं चालत राहिला. कोणीतरी दंडाला धरलं.

"चाचा! हिकडनं या, फुडं खड्डा हाय." कानिफनाथचा आवाज होता. "न सांगता कसं काय? चहा सांगतो."

"सहज," चांदभाई ओरडला. "सहज इकडं..."

तेवढ्यात मशीननं काहीतरी मोठं खाल्लं. लोखंड चेपताना होतो तो कण्हल्यासारखा आवाज आला. ती ट्रंक असेल? आत्ता गेली ती? वाटेभर जुळवलेलं वाक्य त्याला पुढं आठवेना.

"कानिफ, मशीन थांबीव!"

"काय?"

"माझा खडू चुकला!" चांदभाई जिवाच्या आकांतानं ओरडला. "सकाळची ट्रंक. ती कंडम नव्हती. मला परत पायजे!"

चाळीस वर्षांत जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं ते सगळ्या यार्डानं ऐकलं. हमाल थबकले. कानिफनाथनं चांदभाईचा दंड न सोडता त्याला एका बाजूला नेलं. कानाशी येऊन म्हणाला, "ट्रंक गेली, चाचा. लाईट आल्या आल्या दाबली. पन आतलं पितळ काडून घेतलंय. पितळ आमी पयलं येगळं करतो, तुमीच शिकवलंय."

त्यानं चांदभाईचा हात धरून एका लोखंडी टबात ठेवला. चांदभाई गुडघ्यावर बसला. नळ, तोट्या, घंगाळाचे काठ, समईचं बूड, हाताला एकेक लागत गेलं. मशीनच्या आवाजात वाजवून बघायची सोय नव्हती. होती ती फक्त बोटं. आणि मग पातळ, चपटा पत्रा लागला. त्यात कापलेली अक्षरं होती.

इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण लहानपणी उस्मानभाई त्याचं बोट धरून त्या पत्र्यावरून फिरवायचे: हा अर्धा चंद्र, हा पुरा चंद्र. त्यानं बोट फिरवलं. पहिला अर्धा चंद्र होता. दुसरा पुरा चंद्र. पुढची अक्षरं मळानं भरली होती आणि पत्रा त्याच्या आठवणीपेक्षा जरा लहान लागला. पण लहानपणी सगळंच मोठं वाटतं. त्यानं पत्रा रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या आत, बंडीला लागून ठेवला.

"घावला?" कानिफनाथनं विचारलं.

"घावला." मग न राहवून तो म्हणाला, "आता माझ्या फुलीचा माल तपासून घेत जा."

"काय तरीच काय, चाचा," कानिफनाथ म्हणाला, पण ते त्यानं फार हळू म्हटलं. तो फाटकापर्यंत दंड धरून सोबत आला आणि भागवतच्या मागं चांदभाई नीट बसेपर्यंत थांबला.

परतीच्या वाटेवर चांदभाईनं शर्टावर हात दाबून धरला. बंडीला पत्रा टोचत होता आणि ते टोचणं त्याला बरं वाटत होतं. खडू गेला तर गेला. पत्रा मिळाला. नगर जवळ येईपर्यंत त्यानं ही दोन वाक्यं मनात इतक्या वेळा म्हटली, की दुसरं जरा खरं वाटायला लागलं. पहिलं मात्र प्रत्येक वेळी तसंच लागत होतं.

घराशी गाडी थांबली तेव्हा भागवत म्हणाला, "चांदभाई, रुईछत्तिशीला तू ज्या बाईला सलाम केलास ना, ती म्हैस हुती."

"मस्करी करू नको."

"मस्करी न्हाई करत. आठ दिस झाले म्हनतोय बोलावं." भागवतनं गाडी वळवली आणि तो दुकानाकडं निघून गेला.

चांदभाई तसाच उभा राहिला. मग आत गेला. शमशाद स्वयंपाकघरात होती. इन्शा आली होती. बाहेरच्या खोलीत पानांचा सळसळ आवाज येत होता. ती उद्याची तयारी करत असावी.

"अब्बा, कुठं गेला होतात? अम्मी किती वेळ फोन करतेय."

"काम होतं." त्यानं शर्टातून रुमाल काढला. वाटेत ठरवलं होतं, की काही सांगायचं नाही, फक्त हातात द्यायचा. "हे घे. उद्याचं. ट्रंकेतनं काडून ठेवला होता, म्हटलं तुला शोधाशोध नको."

तिनं रुमाल सोडला. पानांची सळसळ थांबली. चांदभाई दारात उभा राहून हातातली टोपी फिरवत राहिला. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं आणि आज पहिल्यांदा ते दिसत नाही याची त्याला भीती वाटली.

"हाच ना?" त्यानं विचारलं.

"हाच, अब्बा," ती म्हणाली. "हाच."

तिनं पत्रा उचलून आपल्या कॉलेजच्या पिशवीत ठेवला. पिशवीत पत्रा कशाला तरी लागला आणि आतलं ते काहीतरी वाजलं. एकच ठणत्कार. पातळ, लांबलेला, शेवटाला किंचित फाटलेला.

पन्नास वर्षं चांदभाई तो आवाज ओळखत होता. शेवटची अक्षरं एकमेकांत फाटलेला पितळी पत्रा असाच वाजतो, दुसरा कुठलाही नाही. अब्बांचा खरा पत्रा पिशवीत होता. आधीपासून होता.

तो हळूहळू खाली बसला. काय झालं ते त्याला एकदमच सगळं कळलं, जसा टेम्पो रिकामा करताना माल धडाधड अंगावर यावा.

"सकाळी फुली बघितली होतीस तू," तो म्हणाला.

इन्शानं पिशवी मागं सरकवली.

"खरं सांग."

"बघितली होती. कॉलेजला निघताना गोदामात डोकावले तेव्हा."

"मग पत्रा काडून घेतलास."

"हो."

"ट्रंक का जाऊ दिलीस? फुली पुसायची ना!"

"टेम्पोवाल्यांसमोर?" इन्शा म्हणाली. "तुमची फुली कोणी पुसतं का, अब्बा? मला वाटलं ट्रंक गेली तर गेली. तुम्हाला कळणारच नाही. तुम्ही मिरजगावला जाल असं मला कुठं माहीत होतं!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. शमशाद दारात येऊन उभी राहिली असणार, तिच्या बांगड्या वाजल्या. चांदभाईनं जमिनीकडं तोंड केलं. मग विचारलं, "मी आणला त्याच्यावर काय लिवलंय?"

"राहू द्या ना."

"सांग."

"डू नॉट टच. हात लावू नये," इन्शा म्हणाली. "दादांचाच असेल. रंग ओला असताना लावत असतील."

चांदभाईला हसू आलं. एवढा आटापिटा करून, साऱ्या यार्डासमोर अब्रू घालवून त्यानं काय आणलं, तर हे. हसता हसता त्याचं हसू कधी मोडलं ते त्यालाही कळलं नाही. शमशाद जवळ येऊन बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चांदभाईला कळलं, की हिलाही ठाऊक होतं. भागवतला ठाऊक होतं. बहुधा कानिफनाथलाही, नाहीतर त्यानं एवढ्या लांब दंड धरून ठेवला नसता. आठ महिने तो सगळ्यांपासून लपवत होता आणि सगळे त्याच्यापासून लपवत होते.

त्यानं खिशातून खडू काढला आणि पुढं केला. "घे. आता हा मी काय करू? म्हातारा झाला कंडम."

इन्शानं खडू घेतला नाही. "असं एकट्यानं ठरवता येत नाही," ती म्हणाली. "तीन सह्या लागतात. मी करणार नाही. अम्मीला विचारा."

"मैं तो नहीं करनेवाली," शमशाद म्हणाली.

"आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय. गेल्या आठवड्यातच."

"मला न इचारता?"

"ट्रंक देताना तुम्ही विचारलं होतं?"

चांदभाईनं खडू तसाच मुठीत धरून ठेवला. बाहेर भागवतच्या दुकानात कोणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं. उद्या गल्लीत ही गोष्ट पसरेल, परवा जिल्ह्यात. पण त्याहून मोठी एक गोष्ट महिनाभर राहून गेली होती.

"ते सह्यांचं," तो म्हणाला, "तुझ्या पुस्तकात लिवलंयस का?"

"लिहिलंय. तुम्हाला दिलेल्या पानांतच आहे."

चांदभाई उठला. चाचपडत पलंगापाशी गेला, उशीखालून पानं काढली आणि परत येऊन तिच्या मांडीवर ठेवली. त्यांना एक घडीही पडलेली नव्हती.

"वाचून दाखव," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई."

इन्शानं पहिलं पान उचललं. मग ती वाचायला लागली.